आठ कळ्यांचं पॅराशूट

आबेदाच्या शिलाई मशीनखालून आजवर काय काय गेलं होतं, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. लग्नाचे घागरे, शाळेची दप्तरं, कूलरची झाकणं, मोटारसायकलींची सीट कव्हरं, एकदा तर एका डॉक्टरच्या म्हाताऱ्या कुत्र्यासाठी थंडीचा कोट. जुन्या जळगावातल्या त्या गल्लीत कुणाला काही वेगळं शिवून हवं असलं, की लोक तिच्याच दुकानाची पायरी दाखवत. पण जानेवारीतल्या एका दुपारी एक मुलगी छत्रीच्या कापडाचं गाठोडं काखेत मारून त्या पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "चाची, पॅराशूट शिवाल का?" तेव्हा आबेदानेही मशीनवरचा पाय थांबवला. चष्मा कपाळावर सरकवला आणि शांतपणे विचारलं, "माप कुणाचं घ्यायचं?"

मुलीचं नाव कामिनी भोळे. असोद्याच्या केळीवाल्या भाईदास भोळ्यांची लेक. रोज बसने जळगावला येऊन इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्स शिकत होती. शेजारच्याच गाळ्यात आबेदाच्या मुलाचं, जुनैदचं, रेडियमचं दुकान होतं. गाड्यांच्या नंबरप्लेट, रिक्षांवरची नावं, काचेवरचे वाघ, असली स्टिकरं तो कापून चिकटवायचा. कामिनीच्या लॅपटॉपवरचं नाव त्यानेच चिकटवलं होतं आणि त्यानेच तिला आईकडे पाठवलं होतं.

"माप रॉकेटचं," कामिनी म्हणाली आणि खांद्यावरच्या लांब पिशवीतून एक नळी काढून तिने काउंटरवर उभी केली. कापडाचं ठाण ज्यावर गुंडाळून येतं, ती पुठ्ठ्याची जाड नळी. खाली प्लायवूडचे तीन पंख, वर कॉलेजच्या मशीनवर छापलेली प्लॅस्टिकची निमुळती टोपी. कमरेएवढी उंची.

"हे आभाळात जाणार?"

"तीनशे मीटर. मग परत खाली."

"वर जाऊन खालीच यायचं, तर जायचं कशाला?"

कामिनी हसली नाही. हा प्रश्न तिला घरातही रोज विचारला जात असावा. तिने सांगितलं, की कॉलेजचं एक मोठं रॉकेट तयार होतंय, त्यात महागाची यंत्रं बसणार आहेत आणि ती सुखरूप खाली आणायची जबाबदारी तिच्या सर्किटवर आहे. ते सर्किट नीट चालतं का, एवढंच तपासायला हे छोटं रॉकेट तिने स्वतः आखलं आहे. उंच जावं तशी हवा विरळ होते, तिचा दाब उतरतो. सर्किट तो दाब मोजत राहतं. दाब उतरायचा थांबून पुन्हा चढायला लागला, की रॉकेट माथ्यावर पोहोचून खाली वळलं हे त्याला समजतं. मग ते चिमूटभर दारूला ठिणगी देतं, टोपी उडते आणि पॅराशूट बाहेर पडतं.

"दारू?" आतून आबेदाच्या नवऱ्याचा, चांदचा आवाज आला. तो बॅगांच्या चेनी बसवायचं काम करायचा आणि कामापेक्षा बोलण्याकडे त्याचा कान जास्त.

"फटाक्यातली, चाचा."

"मग ठीक."

आबेदाने तोवर कामिनीचा कागद उलगडला होता. त्यावर पॅराशूटचं चित्र काढलेलं, वर्तुळाचे आठ भाग, मध्ये एक भोक, प्रत्येक रेघेवर मिलिमीटरमध्ये आकडे. तिने ते उलटं धरून पाहिलं, सुलटं धरून पाहिलं.

"हा तर आठ कळ्यांचा घागरा आहे," ती म्हणाली. "पण मध्ये भोक कशाला?"

"तिथून थोडी हवा निघून जाते. नाहीतर पॅराशूट झोके घेतं."

"बरं. चित्र छान काढलंस, बेटा. फक्त यात माया नाही."

कामिनीचा चेहरा उतरला. "म्हणजे?"

"माया गं. शिलाईला दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच कापड जास्तीचं सोडायचं असतं. तुझ्या मापाने कापलं, तर आठ कळ्या जोडता जोडता घागरा एखाद्या बाहुलीलाही व्हायचा नाही. चार वर्षं काय शिकवलं तुला कॉलेजात?"

कामिनीने पेन काढून कागदाच्या कोपऱ्यात 'माया : अर्धा इंच' असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. आबेदाला ती तेव्हाच आवडली. आवडली म्हणून तिची आणखी थट्टा करायची, हा आबेदाचा स्वभावच होता.

पॅराशूट दोन दिवसांत झालं. चार कळ्या निळ्या, चार नारिंगी. घडी कशी घालायची तेही आबेदानेच शिकवलं. आधी कळीवर कळी, मग दोऱ्या आत, मग गुंडाळी. छत्रीचं कापड एकमेकांना चिकटून बसतं म्हणून तिने घड्यांमध्ये पावडर भुरभुरवली, चांदची अंगाला लावायची. पंधरा-वीस वेळा कामिनीकडून तीच घडी घालून घेतली आणि प्रत्येक वेळी काहीतरी खोड काढली. जुनैदने रॉकेटच्या अंगावर चंदेरी रेडियममध्ये कॉलेजचं नाव, तिरंग्याच्या पट्ट्या आणि कुणी न सांगता एक झेपावणारा गरुड चिकटवून दिला. कामिनीला ते इतकं देखणं वाटलं, की तिने त्याचे फोटो काढून सगळ्या ग्रुपवर टाकले.

पहिली चाचणी असोद्याला ठरली. भाईदासांच्या शेतातला कापूस वेचून झाला होता, पऱ्हाट्या उपटून रान नांगरलेलं होतं. कॉलेजचे सर परवानगीची कागदं आणि बंद खोक्यातलं तयार इंजिन घेऊन येणार होते. आबेदाला यायचं होतं, पण त्याच दिवशी एका नवरीचे तीन ड्रेस द्यायचे होते. तिने जुनैदला पाठवलं.

संध्याकाळी जुनैद आला तो मान खाली घालून. रॉकेट सुंदर उडालं, म्हणाला. सरळ वर गेलं, ठिपका झालं, मग वळलं आणि तसंच सरळ खाली येऊन नाकावर ढेकळात घुसलं. पॅराशूट उघडलंच नाही.

"मग काय म्हणाले?"

जुनैदने फोनवर रॉकेटवाल्यांचा ग्रुप उघडला. आबेदाने त्याच्या हातातला फोन घेतला. ग्रुपवर कामिनीचाच संदेश होता. 'पॅराशूट फेल.' खाली कुणीतरी विचारलं होतं, कुणाकडून शिवलं? त्याखाली कुणीतरी लिहिलं होतं, गल्लीतल्या टेलरकडून शिवल्यावर दुसरं काय होणार.

आबेदाने फोन परत दिला. त्या रात्री ती जेवली, पण चवीने नाही. तीस वर्षांत तिची शिवण उसवली, असं तिला कुणी म्हणालं नव्हतं. कुत्र्याचा कोटसुद्धा कुत्रा गेल्यावर त्याच्या पिल्लाने वापरला होता.

"सोड ना," चांद म्हणाला. "पोरं आहेत."

"पोरं आहेत म्हणून तर जाऊन सांगायला हवं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीत कात्री, टेप आणि दोऱ्याचं रीळ टाकून ती असोद्याच्या बसमध्ये बसली. जुनैदलाही बरोबर घेतलं, साक्षीला. भोळ्यांचं घर शोधायला त्रास पडला नाही. आभाळातून पडलेलं रॉकेट कुणाचं, हे स्टँडवरच्या चहावाल्यालाही पाठ झालं होतं.

भाईदास ओट्यावर बसून केळीच्या खोडांना बांधायच्या पट्ट्या सोडवत होते. त्यांनी आबेदाला बसायला खाट दिली, पाणी मागवलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही ते पॅराशूट शिवणाऱ्या का? मले तं आधीच वाटलं होतं, हे पोरगी आभाळातून काहीतरी पाडीन. माह्या केळीवर पडलं नाही हे नशीब."

"नाना," कामिनी आतून येत म्हणाली. आबेदाला पाहून ती दारातच थबकली.

"रॉकेट आण," आबेदा म्हणाली. "जसं सापडलं तसं."

कामिनीने ते आणलं. टोपी अर्धी चेपलेली, मातीने भरलेली, नळीला एक चीर, पण बाकी शाबूत. नांगरलेल्या रानाने सांभाळून घेतलं होतं. आबेदाने मांडीवर रुमाल पसरला, टोपी हलवत हलवत काढली आणि आतली गुंडाळी दोन बोटांनी बाहेर ओढली. ती उघडली नाही. तशीच हातात धरून कामिनीपुढे केली.

"हे काय आहे?"

"पॅराशूट."

"नीट बघ. ही घडी कुणाची?"

"माझी. तुम्ही शिकवलेली."

"मोडली आहे का कुठे?"

कामिनीने वाकून पाहिलं. गुंडाळी जशीच्या तशी होती. आबेदाने एक पदर उचलला, आतून पांढरी पावडर उडाली. दुसरा उचलला, तिथेही पावडर. कापडावर ना काजळी, ना जळाल्याचा वास, ना एक टाका ताणलेला.

"बाहेरच पडलं नाही ते," आबेदा म्हणाली. "घागरा पेटीतून काढलाच नाही आणि तू म्हणतेस नाच फेल. आता तुझी ती दारू दाखव."

नळीच्या आतली छोटी डबी कामिनीने उघडली. चिमूटभर दारू तिथेच होती, पेटलेलीच नव्हती. कामिनीने डबी पुन्हा बंद केली. तिचे कान लाल झाले होते. भाईदास पट्ट्या बाजूला ठेवून मजा बघायला पुढे सरकले.

"म्हणजे चूक या ताईची नाही, तुह्या यंत्राची," ते म्हणाले. "मी आपलं विचारतो."

"मी न बघताच लिहिलं, चाची," कामिनी म्हणाली. "आत्ता ग्रुपवर लिहिते."

"लिही. पण आधी शोध, का पेटली नाही ते. नुसतं चुकलं म्हणून मला काय उपयोग?"

सर्किट सुदैवाने जिवंत होतं. कामिनीने ते लॅपटॉपला जोडलं आणि उड्डाणाची नोंद उघडली. पडद्यावर एक रेघ आली. ती चढली नाही, उतरली नाही, या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी गेली, असोद्याच्या रस्त्यासारखी सपाट.

"हे काय सांगतंय?" आबेदाने विचारलं.

"सर्किटच्या मते," कामिनी सावकाश म्हणाली, "रॉकेट जमिनीवरून हललंच नाही."

भाईदासांना हसू आवरेना. अख्ख्या गावाने मान वर करून पाहिलं आणि ज्याला पाहायला पाठवलं त्यालाच पत्ता नाही, असं ते दोनदा म्हणाले. कामिनीने तिकडे लक्ष दिलं नाही. ती नळी फिरवून फिरवून पाहत होती. बाहेरच्या हवेचा दाब आत समजावा म्हणून सर्किटच्या जागी नळीला तिने तीन बारीक भोकं पाडली होती. ती आता दिसत नव्हती. तिने बोटाने चाचपलं. मग नख घालून चंदेरी रेडियमचा एक कोपरा उचलला. गरुडाच्या पंखाखाली पहिलं भोक होतं. दुसरं कॉलेजच्या नावाखाली. तिसरं तिरंग्याच्या पट्टीखाली.

सगळ्यांच्या माना हळूहळू जुनैदकडे वळल्या.

"मला वाटलं भोकं चुकून पडलीत," जुनैद म्हणाला. "म्हटलं, झाकून टाकू. चांगलं दिसेल."

आबेदाने कपाळाला हात लावला. साक्षीला आणलेला मुलगाच आरोपी निघाला होता. भाईदास उठून आत गेले आणि आतून त्यांच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

"त्याची चूक नाही, चाची," कामिनी म्हणाली. "मी त्याला भोकांचं सांगितलंच नव्हतं. लावल्यावर फोटोही काढले आणि तरी मला दिसलं नाही."

"दोघांची आहे. अर्धी अर्धी वाटून घ्या," आबेदा म्हणाली आणि तिलाही हसू आलं. सुमनबाईंनी, कामिनीच्या आईने, मग कुणाला उठूच दिलं नाही. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वर हिरव्या मिरचीचा ठेचा खाऊनच दोघं जळगावला परतली. ग्रुपवर कामिनीने तीन ओळींचा खुलासा लिहिला. गल्लीतला टेलर म्हणणाऱ्याने त्याखाली वर केलेल्या अंगठ्याचं चित्र टाकलं. तेवढ्यावर आबेदाने त्याला माफ केलं.

पुढचे पंधरा दिवस कामिनी कॉलेजपेक्षा दुकानातच जास्त दिसायला लागली. नवी नळी आबेदानेच एका कापडवाल्याकडून मागून आणली. एका दुपारी कामिनी सर्किट मांडून बसली असताना आबेदा एका बॅगेच्या पट्ट्याला टीप मारत होती. एकदा मारली, मशीन मागे घेतलं, पुन्हा त्याच जागी मारली.

"दोनदा का?" कामिनीने विचारलं.

"इथे सगळा भार येतो. एक टीप तुटली तर दुसरी धरते." मग तिने चष्म्यावरून कामिनीकडे पाहिलं. "तुझ्या रॉकेटला किती टिपा आहेत?"

कामिनीने सर्किट पिशवीत भरलं. ती उठून गेली आणि दुसऱ्या दिवशी आली तेव्हा तिच्या चित्रात दोन सर्किटं होती. दुसऱ्याची बॅटरी वेगळी, तारा वेगळ्या, दारूची चिमूट वेगळी. पहिल्यानंतर एक सेकंद थांबून ते आपलं काम करणार, पहिल्याने केलेलं असो वा नसो. मोठ्या रॉकेटात असं करतातच, मला छोट्यात गरज वाटली नव्हती, असं ती म्हणाली.

"वाटत नाहीच कधी," आबेदा म्हणाली. "पट्टा तुटेपर्यंत."

उडवण्याआधी तपासायचं म्हणून कामिनीने आबेदाची लोणच्याची रिकामी बरणी मागून घेतली. सर्किट आत ठेवलं, झाकणाला नळी बसवून मेणाने बंद केली आणि जाड सिरिंजने आतली हवा ओढायला सुरुवात केली. थोडी ओढून सोडली, तसा आतला छोटा दिवा लागला. मग एका सेकंदाने दुसरा. सर्किटला वाटलं होतं, आपण माथ्यावर जाऊन वळलो.

चांद चेन सोडून बघायला आला. "कुठवर गेलं?"

"दोनशे साठ मीटर," कामिनी म्हणाली.

"बरणीत बसून?" तो म्हणाला. "मग धुळ्याला कशाला जाता? इथेच बसा, बसभाडं वाचेल."

पण धुळ्याला जाणं भाग होतं. असोद्याला आता आजूबाजूच्या केळीत फवारणीची माणसं होती आणि सरांनी धुळ्याबाहेरच्या एका मोकळ्या माळाची परवानगी मिळवली होती. तिथे चारी बाजूंना ना झाड, ना घर. आबेदा या वेळी मागे राहिली नाही. धुळ्यात तिची धाकटी बहीण नाजमीन राहायची, तिच्याकडे जाणं दोन वर्षं राहून गेलं होतं. एरंडोल, पारोळा करत सकाळच्या बसने चौघं निघाली. आबेदा, जुनैद, कामिनी आणि मुलीचा पराक्रम स्वतःच्या डोळ्यांनी बघायचाच म्हणून भाईदास. रॉकेट कामिनीच्या मांडीवर चादरीत गुंडाळलेलं होतं. कंडक्टरने हे काय म्हणून विचारलं, तर भाईदास म्हणाले, "माही नात." कंडक्टरने चादरीकडे पाहिलं, प्लायवूडचा पंख पाहिला आणि काही न बोलता पुढे गेला.

माळावर वारा होता. सरांनी सगळ्यांना लांब उभं केलं. रॉकेट एका सळईला टेकून उभं राहिलं. या खेपेला अंगावर गरुड नव्हता. जुनैदने फक्त भोकांभोवती लाल गोल काढले होते आणि प्रत्येकाकडे बाण दाखवून बारीक अक्षरांत 'इथे काही चिकटवू नये' असं लिहिलं होतं. कामिनीने तिन्ही भोकांवर बोट फिरवून पाहिलं, आबेदानेही पाहिलं, मग भाईदासांनीही.

उलटे आकडे मोजून झाले. फुस्स करून धूर झाला आणि नळी गेली. आबेदाने एवढ्या वेगाची कल्पना केली नव्हती. पदर सावरून मान वर करीपर्यंत ती आभाळात बोटभर झाली होती. मग ठिपका. मग ठिपका थांबल्यासारखा वाटला.

टप् असा बारीक आवाज आला.

काही उघडलं नाही. ठिपका वळला आणि नाक खाली करून मोठा मोठा व्हायला लागला. आबेदाला कळलं, की कामिनीने तिचा दंड धरला आहे आणि फार घट्ट धरला आहे. तो एकच सेकंद होता असं नंतर सगळ्यांनी सांगितलं, पण आबेदाने त्या वेळात आठही कळ्यांची शिलाई मनातल्या मनात एकदा तपासून घेतली.

दुसऱ्यांदा टप् झालं. टोपी उडाली, मागून कापडाची एक वेडीवाकडी चिंधी निघाली, फडफडली, आणि मग एकदम गोल झाली. निळी, नारिंगी, निळी, नारिंगी. मधल्या भोकातून आभाळ दिसत होतं. रॉकेट तिच्याखाली लोंबकळत, वाऱ्याबरोबर तिरकं तिरकं, कुठलीही घाई नसल्यासारखं उतरू लागलं.

भाईदासांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. जुनैद धावत सुटला होता. कामिनीने आबेदाचा दंड सोडला, तिथे चार बोटांचे ठसे उमटले होते.

"चाची, लागलं का?"

"पॅराशूट उघडलं, आता काय लागायचंय," आबेदा म्हणाली. मग तिने डोळ्यात धूळ गेल्याचं निमित्त करून पदराने डोळे पुसले.

लॅपटॉपवर या वेळी रेघ नीट डोंगरासारखी चढून उतरली होती. पहिल्या सर्किटने बरोबर माथ्यावर ठिणगी दिली होती, पण टोपी जरा घट्ट बसलेली, ती नुसती सैल झाली. दुसऱ्या ठिणगीने तिला उडवलं. सरांनी ते दोनदा पाहिलं. मग पॅराशूट हातात घेऊन शिवण उलटसुलट करून पाहिली, एका जोडावर दोन्ही हातांनी ओढून पाहिलं आणि विचारलं, "हे कुणी शिवलं?"

कामिनीने आबेदाकडे बोट केलं. "आणि दुसऱ्या सर्किटची कल्पनाही यांचीच, सर. अहवालात टीममध्ये यांचं नाव घालतेय."

सर आबेदासमोर जरा अदबीने उभे राहिले. मोठ्या रॉकेटाला याच्या पाचपट व्यासाचं पॅराशूट लागणार आहे, म्हणाले, अजून कुणाला द्यायचं ते ठरलं नाही, तर तुम्ही शिवाल का.

आबेदाने पाचपट म्हणजे केवढं, याचा बोटांवर अंदाज घेतला. छोटेखानी मांडवच झाला असता. दुकानात तो पसरायला जागा नव्हती, गच्चीवर न्यावा लागणार होता. तिने हे सगळं मनात धरलं आणि चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"रमजान येतोय, साहेब," ती म्हणाली. "आधी गल्लीच्या ईदच्या कपड्यांचं बघते. ईद झाली की कापड आणि चित्र पाठवून द्या."

मग तिने पॅराशूट त्यांच्या हातातून घेतलं, माती झटकली आणि माळावरच बसून त्याची घडी घालायला लागली. नाजमीनकडे जेवायला वेळेवर पोहोचायचं होतं.